एकतीस नंबरची पेटी

१

बर्फ्याने थंड खोलीचं दार उघडलं आणि तो उंबऱ्यावरच थबकला. आतून पिकल्या केळ्याचा गोड वास येत होता.

एरवी या वासाने कुणाचंही तोंड गोड झालं असतं. आज मात्र तो यायलाच नको होता. खोलीत अठ्ठेचाळीस पेट्या होत्या आणि त्यांतली केळी एकवीस दिवस हिरवीच राहायला हवी होती. आज एकविसावा दिवस होता. चार वाजता कंपनीच्या मॅडम येऊन पेट्या उघडणार होत्या. केळी हिरवी निघाली, तर कंपनी इथे पैसा घालून मोठं शीतगृह बांधणार होती, पाचशे टनांचं. पिवळी निघाली, तर कंपनीच्या यादीत आणखी तीन गावं होतीच.

बर्फ्याचं खरं नाव त्याच्या आईलाही आठवून सांगावं लागायचं. फ्रीज दुरुस्त करता करता तो गटाच्या थंड खोलीचा मेकॅनिक झाला, आणि नावही त्याच खोलीचं लागलं. त्याने सगळ्यात आधी बागायतदार गटाच्या अध्यक्षीणबाईंना फोन केला. त्यांना सगळे ताई म्हणत. ताईंनी फोन ठेवला आणि आपल्या आत्याला हाक मारली.

आत्या दोनच दिवसांपूर्वी भाचीकडे राहायला आली होती. एकतीस वर्षं तिने बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत काढली होती. शंभर दाणे ओल्या कागदावर ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे, आणि न उगवलेला दाणा का उगवला नाही ते शोधायचं. घाई नाही, आवाज नाही. तिच्या हाताखालून खोटं बियाणं कधी सुटलं नाही, असं लोक म्हणायचे. ती म्हणायची, सुटलं असेल एखादं, मला कळलं नसेल.

"आत्या, कुणीतरी घात केला गं," ताई म्हणाली.

"केला असेल. आधी बघू तर दे."

ताई दारापर्यंत आली, पण आत गेली नाही. आत्याने ते पाहिलं आणि तेव्हा सोडून दिलं. माणूस भेदरला की दारातच थांबतो.

२

पेट्या पुठ्ठ्याच्या होत्या, सहा-सहाच्या आठ थप्प्या. आत्याने बर्फ्याकडून एकेक पेटी उघडून घेतली आणि हातातल्या वहीवर खुणा केल्या. तासाभराने तिच्यापुढे एक नकाशा तयार झाला. डाव्या कोपऱ्यातल्या नऊ पेट्या पिवळ्या पडल्या होत्या. बाकीच्या एकोणचाळीस हिरव्यागार होत्या.

"मशीन बिघडलं असतं तर?" तिने विचारलं.

"तर सगळ्या गेल्या असत्या. आत्या, माझं मशीन नाही बिघडलेलं. हा बघा कागद."

यंत्राला एक पेन जोडलं होतं. ते फिरत्या कागदावर तापमानाची रेघ ओढायचं. आठवड्याला एक, असे तीन कागद होते. तेरा अंशावर रेघ सरळ चालली होती, आणि रोज सकाळी तिला एक बारीकसा उंचवटा आला होता.

"हे काय?"

"रोज आठ वाजता दहा मिनिटं दार उघडतो ना, आत ताजी हवा घ्यायला. मी आणि पाळीचा एक मेंबर. तेवढ्यात बाहेरची ऊब आत जाते."

आत्याने उंचवटे मोजले. आजचा धरून एकवीस. एकही जास्तीचा नाही.

"म्हणजे आठ सोडून दुसऱ्या वेळी हे दार कुणी उघडलंच नाही."

"उघडलं असतं तर पेनाने चहाडी केली असती."

"आणि आठ वाजता तुम्ही दोघं असता. पाळीचा माणूस रोज वेगळा."

"रोज वेगळा. आणि त्यात आम्ही एकमेकांवर टपलेले," बर्फ्या म्हणाला. "कोण किती वेळ दार उघडं ठेवतो म्हणून."

आत्या पिवळ्या पेट्यांकडे वळली. नऊच्या नऊ सारख्या पिवळ्या नव्हत्या. कडेच्या पेट्यांतली केळी हिरवट-पिवळी होती, आतल्या बाजूची जास्त पिकलेली. बरोबर मधल्या पेटीतल्या केळ्यांवर तर काळे ठिपकेही उमटले होते. तिच्यावर आकडा होता एकतीस.

घरात आंब्याच्या अढीत एक पिकलेला आंबा राहिला की शेजारचे लवकर पिकतात, हे कुणाला शिकवावं लागत नाही. इथे तेच झालं होतं. एकतीस नंबर आधी पिकला आणि त्याने शेजाऱ्यांना ओढलं.

आत्याने त्या पेटीतली एक फणी उचलली. मग हिरव्या पेटीतली एक उचलली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. हिरवी केळी पातळ होती, अंगावर कंगोरे होते, बोट फिरवलं की धार लागत होती. एकतीस नंबरची केळी गोल, भरलेली, कंगोरा नावालाही नाही.

दूर पाठवायचं केळं पाऊण भरलं की कापतात. झाडावर पूर्ण भरू दिलं तर ते टिकत नाही. म्हणून तर पेट्या भरायच्या दिवशी मॅडमनी लोखंडी माप लावून एकेक फणी मोजली होती आणि जाडी रजिस्टरमध्ये लिहिली होती.

आत्याने रजिस्टर उघडलं. एकतीस नंबरपुढे लिहिलं होतं, सर्वांत पातळ माल. आणि बागेच्या मालकाच्या रकान्यात तिच्या भाचीचं नाव होतं.

३

तोवर बाहेर गटाची वीस-पंचवीस माणसं जमली होती. त्यांचा निकाल केव्हाच लागला होता. गुन्हेगार म्हणजे शेठ. त्यात शोधायचं काय?

शेठ गावातले केळ्याचे व्यापारी. केळं एकदा पिकायला लागलं की दोन दिवसांत विकावंच लागतं, म्हणून आजवर शेठ सांगतील तो भाव होता. थंड खोली यशस्वी झाली तर बागायतदार तीन आठवडे थांबू शकणार, मोठं शीतगृह आलं तर माल जहाजाने परदेशी जाणार. शेठच्या नाकाला मिरच्या झोंबणार हे उघड होतं. शिवाय दहाव्या दिवशी दुपारी त्यांची स्कूटर थंड खोलीपाशी तासभर उभी होती. दोघांनी पाहिली होती. एकाने तर पोलिसांत द्यायचा अर्जही लिहून आणला होता. फक्त ताईंची सही बाकी होती.

ताई अर्ज हातात घेऊन बसली होती. सहीही करत नव्हती आणि परतही देत नव्हती.

आत्या शेठच्या गोदामात गेली. शेठ घडांच्या मध्ये खुर्ची टाकून बसले होते.

"या बाई. मला ठाऊक होतं, कुणीतरी येणार. पोलीस येतील असं वाटलं होतं."

"पोलिसांना वेळ लागतो. मला काही काम नाही."

शेठ हसले. "गेलो होतो मी. लपवत नाही. बर्फ्याला म्हटलं, दाखव तुझी जादू. त्याने दार काही उघडलं नाही, काचेतून बघा म्हणाला. बघितलं."

"तासभर?"

"त्यातला पाऊण तास बर्फ्याचं भाषण. कॉम्प्रेसर म्हणजे काय, त्यात वायू कसा फिरतो. मला झोप यायला लागली होती."

"आणि काचेतून बघून काय वाटलं?"

शेठनी शेजारच्या घडावरचं एक केळं उगाच चाचपलं. "वाटलं की माझी मजा संपली. खोटं कशाला बोलू? पण बाई, मी तीस वर्षं हा माल हाताळतोय. मला तुमची खोली बिघडवायची असती तर नऊ पेट्या नसत्या गेल्या, अठ्ठेचाळीस गेल्या असत्या. एवढी लाज आहे मला माझ्या धंद्याची."

आत्याला हे पटलं. बढाईही कधी कधी साक्ष म्हणून चालते. शिवाय पेनाची रेघ शेठच्या बाजूने होती. दहाव्या दिवशी दुपारी तिला उंचवटा नव्हता.

दार बंद झाल्यावर आत काही गेलं नव्हतं. म्हणजे जे झालं, ते पेट्या भरल्या त्याच दिवशी झालं. मॅडमचं मोजमाप एक वाजता संपलं, सगळे जेवायला गेले, आणि अडीच वाजता पेट्यांना पट्टी चिकटवली. त्या दीड तासात कुणीतरी भाचीचा माल काढून दुसरा भरला होता.

भाचीवर कुणाचा एवढा राग असेल? आत्याने सोबत आणलेली ती पिकलेली फणी पिशवीतून पुन्हा काढली. तिचा देठ बघताना ती रस्त्यातच थांबली. फणी घडापासून सोडवताना कोयत्याचा तिरका काप येतो. सकाळी पाहिलेल्या बाकी सगळ्या फण्यांवर तो डावीकडून उजवीकडे उतरत होता. हा उजवीकडून डावीकडे उतरला होता.

डावखुऱ्या माणसाचा हात.

"आपल्यात डावखुरं कोण आहे रे?" तिने वाटेत भेटलेल्या बर्फ्याला विचारलं.

बर्फ्याचा चेहरा उतरला. "आबा," तो म्हणाला. "पण आत्या, आबा असं करायचे नाहीत."

४

आबांनी या भागात पहिली केळीची बाग लावली. बाकीचे त्यांचं बघून शिकले. थंड खोली उभी राहिली ती जागाही त्यांचीच, एक शब्द न बोलता दिलेली. पेट्या भरायच्या दिवशी मॅडमनी त्यांचे घड मोजले आणि मान हलवली. फार भरलेत, चालणार नाहीत. चाळीस वर्षं केळं झाडावर पूर्ण भरू द्यायचं, हीच आबांची अब्रू होती. ते तिथून उठून गेले आणि त्यानंतर थंड खोलीकडे फिरकले नाहीत.

त्यांच्या घरी जाण्याआधी आत्या भाचीच्या घरी दोन घास खायला थांबली. भाचीच्या सासूबाईंनी ताट वाढलं.

"विहीणबाई, फळ नाही हो आज घरात," त्या म्हणाल्या. "केळीवाल्याच्या घरात केळं नाही, हसतील लोक. पण खरं सांगू, मलाच नको झालंय. मागे त्या पेट्या भरल्या ना, त्या संध्याकाळी सूनबाईने पाटीभर कच्ची केळी आणून ठेवली. पिकली तशी आठ दिवस खातोय, खातोय. शेजारी दिली, शाळेत दिली. आणि ती तरी कशी, काटकुळी, कंगोरे निघालेली. मी म्हटलं, बाई गं, एवढी कोवळी कापलीस कशाला?"

"मग काय म्हणाली?"

"म्हणे, पाठवायला काढली होती, उरली."

आत्याचा घास हातातच राहिला. पेटीच्या हिशेबाने घड कापले होते, तिथे पाटीभर उरायचं कारण नव्हतं. तिने ताट मात्र पूर्ण संपवलं. अन्न टाकून उठणं तिला कधी जमलं नाही.

आबा अंगणात कोयत्याला धार लावत होते, डाव्या हाताने.

"आबा, पेट्या भरल्या त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"इथेच. फुगून बसलो होतो," आबा म्हणाले. "म्हातारपणी राग आला की जायला जागा नसते. बायको म्हणाली, जेवा. मी म्हटलं, नको. मग दुपारी तुमची भाची आली. एवढ्या गडबडीत, स्वतः न जेवता. म्हणाली, आबा, तुमच्या बागेतला एक घड द्या, घरी खायला नेते. मी फण्या सोडवून दिल्या. तेवढंच बरं वाटलं बघा. कुणाला तरी माझं केळं लागतंय."

आत्याने पिशवीतली फणी आणखी आत सारली.

"काय झालं? केळी बरी नव्हती का?"

"चांगली होती," आत्या म्हणाली. "फार चांगली होती, आबा."

५

तीन वाजत आले होते. ताई गटाच्या खोलीत एकटीच होती. अर्ज अजून पुढ्यात होता, पेनाचं टोपण काढलेलं.

आत्या समोर बसली. तिने पिकलेली फणी टेबलावर ठेवली.

"आबांच्या हाताचा काप आहे. तुझ्या पेटीत होती. तुझी केळी तुझ्या सासूने आठ दिवस खाल्ली, शाळेत वाटली. आणखी काही सांगू, की तू सांगतेस?"

ताईने फणीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज ठीक होता.

"आत्या, पहिली खेप जाणार, जागा आबांची, आणि आत त्यांचं एक केळं नाही. मला ते बघवेना. मी दुसऱ्या कुणाची पेटी नाही रिकामी केली. माझीच केली. हिरवं काढलं, हिरवं घातलं. मला काय ठाऊक."

"मॅडमनी मोजलं होतं ते कशासाठी, हे ठाऊक होतं ना?"

"होतं. पण वाटलं, अठ्ठेचाळीसात एक. आबांना पुढे कधीतरी सांगीन, तुमचाही माल गेला होता म्हणून."

"आणि आज सकाळी कळलं."

"बर्फ्याने फोनवर डावा कोपरा सांगितला तेव्हाच. म्हणून तर आत आले नाही. मग सगळे शेठ-शेठ करायला लागले आणि मी गप्प बसले." ती अर्जावरून हात फिरवत राहिली. "सही केली तर कोण विचारणार आहे? मॅडम हळहळतील, दुसरी संधी देतील. शेठना काय, पुरावा नाही म्हणून चार दिवसांनी सोडतील. मी खरं सांगितलं तर साठ घरांच्या तोंडचा घास जाईल. अध्यक्षच पेटी बदलते म्हटल्यावर कोण पैसा घालेल इथे?"

एवढ्यात दारात बर्फ्या दिसला. त्याने बरंचसं ऐकलं होतं.

"ताई, माझ्यावर ढकला. वीज गेली होती म्हणा. मी म्हणतो, जनरेटर उशिरा लावला."

"आणि तुझा तो कागद?" आत्याने विचारलं.

"फाडतो."

"तीन आठवड्यांत तुझ्या यंत्राने एक चूक केली नाही. तोच एक साक्षीदार आहे आणि तू त्याला फाडतोस?" ती भाचीकडे वळली. "मी काही सांगणार नाही हो तुझ्या मॅडमना. मी पाहुणी आहे. फक्त त्या अर्जावर सही करू नकोस. बाकी तुझं तू बघ."

६

मॅडम चारला दहा कमी असतानाच आल्या. बोलणं कमी, बूट चिखलाचे, हातात ते लोखंडी माप. माणसं भिंतीला लागून उभी राहिली. कुणीतरी निरोप दिल्याने आबाही आले होते. शेठ बोलावल्याशिवाय आले आणि मागे उभे राहिले.

"मॅडम, पेट्या उघडायच्या आधी मला बोलायचंय," ताई म्हणाली.

तिने सगळं सांगितलं. लांबवलं नाही आणि रडलीही नाही. शेठवर आळ आला तेव्हा आपण गप्प होतो, हेही तिने गाळलं नाही. तो अर्ज तिने सगळ्यांदेखत फाडला. भिंतीकडून कुजबुज उठली आणि विरली. बर्फ्या जमिनीकडे बघत होता.

मॅडम आत गेल्या. त्यांनी एकतीस नंबर पाहिला, शेजारच्या आठ पाहिल्या, मग सर्वांत लांबच्या पेटीतलं एक केळं चिरून आतला गर पाहिला. तिन्ही कागद उजेडात धरले. आत्याने वहीतला नकाशा पुढे केला. तोही त्यांनी नीट पाहिला.

"हे कुणी काढलं?"

"मी. सवय आहे," आत्या म्हणाली.

बाहेर येऊन मॅडमनी माप खिशात घातलं.

"आजवर अकरा ठिकाणी खोल्या लावल्या मी. नऊ ठिकाणी कधी ना कधी माल खराब झाला. नऊच्या नऊ ठिकाणी मला सांगितलं, वीज गेली होती." त्या जराशा हसल्या. "वीज गेली म्हटल्यावर मला पुढे काही शोधता येत नाही. इथे मला कारण मिळालं, तेही पेटीच्या नंबरसकट. पिकलेली पेटी आत असताना खोलीने एकोणचाळीस पेट्या हिरव्या ठेवल्या. अशी कठीण परीक्षा मी मुद्दाम घ्यायला धजले नसते."

"म्हणजे पास?" बर्फ्याने विचारलं.

"खोली पास. तुम्ही नाही." मॅडम ताईकडे वळल्या. "नियम मोडला हे मी रिपोर्टमध्ये लिहिणार. पण शीतगृह इथेच व्हावं, अशी शिफारसही त्याच कागदावर लिहिणार. आणखी एकवीस दिवस, नवीन अठ्ठेचाळीस पेट्या. मोजणं संपलं की लगेच पट्टी लागेल, आणि अध्यक्ष पेट्यांना हात लावणार नाहीत."

"अध्यक्ष राहिले तर," ताई म्हणाली.

"ते तुमचं तुम्ही ठरवा. मला खरं सांगणारा माणूस समोर असला की काम सोपं जातं."

मग आबा पुढे आले. त्यांनी ताईकडे पाहिलं नाही.

"मी तुझ्याकडे भीक मागितली होती का गं?" ते म्हणाले. "माझं केळं नको म्हणाले तर नको. चोरून आत घालायला ते काय लाचार आहे?"

"चुकलं, आबा."

"चुकलंच." त्यांनी डावा हात मॅडमपुढे केला. "द्या ते माप. कुठे लावायचं, दाखवा. पुढच्या खेपेला पातळ केळं मी कापून देतो. चाळीस वर्षं भरून कापलं, मला आधी कधी थांबायचं ते कळणार नाही होय?"

मॅडमनी माप त्यांच्या हातात दिलं आणि दोघं एका हिरव्या फणीवर वाकले. बघता बघता आबाच त्यांना सांगायला लागले, मधल्या केळ्याला लावा, कडेचं फसवतं. मॅडमनी ते लिहून घेतलं.

ताई अजून तिथेच उभी होती. बर्फ्या तिच्या शेजारी आला आणि म्हणाला, "ताई, पुढची पाळी तुमची आहे हं. आठ वाजता. अध्यक्ष असा, नसा." कुणीतरी हसलं. ज्याने अर्ज लिहून आणला होता, तो फाटके कपटे गोळा करत म्हणाला, "पाळी काही चुकायची नाही त्यांना," आणि ताईच अध्यक्ष राहणार हे तिथेच ठरून गेलं.

राहिल्या त्या नऊ पिवळ्या पेट्या. शेठ मागून पुढे आले.

"या आजच्या आज खपायला हव्यात. मी घेतो." त्यांनी नेहमीच्या सवयीने भाव सांगितला. पिकलेल्या मालाचा, पडेल भाव.

ताईने मान हलवली. "आळाबद्दल मी तुमची माफी मागते, शेठ. सगळ्यांसमोर मागते. भाव मात्र हा नाही."

"पिकलंय ते. उद्या कोण घेईल?"

"नऊ पिकल्यात. एकोणचाळीस नाही. दोन्ही मिळून भाव बोला, नाहीतर एकोणचाळीस आत आहेत, त्यांना घाई नाही."

शेठनी दाराच्या काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. थप्प्या गार अंधारात शांत उभ्या होत्या. ते बराच वेळ तसेच बघत राहिले. आत्या एका रिकाम्या पेटीवर टेकली होती. आयुष्यभर तिने उगवलेले दाणे मोजले होते, पण व्यापाऱ्याला असा विचार करताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

शेठ काचेपासून मागे झाले, रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बरं. तुम्ही सांगा."

ताईने गटाकडे पाहिलं. पंचवीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. भाव सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती.